पावसाळ्यात जोडणी, दिवाळीनंतर रंग: बेळगावात बसून लढाऊ जेटची मॉडेलं

बेळगावात या छंदाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी ओली असते की फवारलेला लॅकर रंग वाळताना पांढुरका पडतो. खानापूर-जांबोटीकडे तर कपाटातले बूटसुद्धा बुरशी धरतात. म्हणून पावसाळ्यात कापायचं, घासायचं, जोडायचं आणि रंगाचं काम दसरा-दिवाळीनंतर, कोरडी थंडी पडली की काढायचं. परगावच्या मंडळींचं बघून भर पावसात स्प्रे गन हातात घेऊ नये.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चांगलं मॉडेल महागड्या किटमुळे (डब्यातून येणारा प्लास्टिकच्या सुट्या तुकड्यांचा संच) होत नाही, रंग लावण्याआधी घासलेल्या सांध्यांमुळे होतं. पाचशे रुपयांचं किट नीट घासून, साध्या ब्रशने रंगवलेलं असलं तरी पाच हजारांच्या घाईत उरकलेल्या किटपेक्षा सरस दिसतं.

कोणतं विमान, कोणत्या मापात

माप म्हणजे मूळ विमानाचा कितवा भाग. १/७२ आणि १/४८ ही नेहमीची मापं. १/३२ मोठं आणि खर्चिक, १/१४४ फारच चिमुकलं. हिशेब सोपा आहे. मिग-२१चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंमी आणि १/४८ मध्ये १५. तेजसची लांबी १३.२ मीटर, ती १/७२ मध्ये १८ सेंमी होते. सुखोई-३० एमकेआय जवळजवळ २२ मीटर लांब, म्हणजे १/४८ मध्ये ४५ सेंमीच्या पुढे. तो कुठल्या कपाटात ठेवणार, हे घरच्यांना विचारून मगच ऑर्डर द्या. सुरुवातीला १/७२ घ्यावं. चुकलं तरी खिशाला फार बसत नाही, आणि एका कपाटात वायुसेनेची साठ-सत्तर वर्षं मावतात.

विमान निवडताना डब्यावरच्या चित्राला भुलू नका. उदाहरण नॅट या छोट्या जेट विमानाचं. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर चाल करून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांशी एकटे भिडले ते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों १८ स्क्वॉड्रनचे. वायुसेनेतलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्यांचं नॅट करायचं म्हणून लोक एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं नॅट मागवतात, आणि डब्यातून निघतं ते ब्रिटिशांचं दोन आसनी प्रशिक्षण विमान. सेखोंचं नॅट एक आसनी लढाऊ. दोघांचा पुढचा भाग, पंख, शेपूट सगळंच निराळं, त्यामुळे नुसता रंग बदलून काम भागत नाही. एक आसनी नॅटची किटं वेगळी मिळतात, तीच शोधा.

मिग-२१चंही तसंच. डब्यावर नुसतं ‘मिग-२१’ वाचून घेऊ नये. १९७१च्या युद्धात लढलेला मिग म्हणजे एफएल, नाशिकच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बांधलेला. त्याच्या पाठीचा कणा सडपातळ आणि प्रत्येक पंखाखाली एकच पायलॉन, म्हणजे क्षेपणास्त्र किंवा टाकी टांगायची जागा. त्यानंतरच्या एम आणि एमएफची पाठ जाड, पायलॉन दोन-दोन. बिसची पाठ त्याहून फुगीर. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये ज्यांना निरोप दिला गेला ते बायसन, म्हणजे बिसचीच सुधारलेली आवृत्ती. वायुसेनेतली ही बासष्ट वर्षांची कहाणी १९६३ला सुरू झाली. तुम्हाला त्यातलं कुठलं वर्ष उभं करायचंय ते आधी ठरवा, किट त्यावरून ठरेल.

अगदी पहिलंवहिलं मॉडेल असेल तर माझं मत हॉक या प्रशिक्षण विमानाकडे. अंगाने लहान, सांधे कमी, तुकडे बेताचे. एअरफिक्सने हॉक १२८/१३२ या नावाने १/७२ किट काढलेलं आहे आणि १३२ म्हणजे आपल्याच राज्यात बिदरला उडणारं विमान. फक्त वायुसेनेच्या सूर्यकिरण कवायती चमूचा लाल-पांढरा रंग पहिल्या खेपेला घेऊ नका. ब्रशने पांढरा रंग सपाट बसवणं हे जुन्या हातांनाही जड जातं.

बघणं आधी, कापणं नंतर

एकाच विमानाचे निदान दहा-पंधरा फोटो गोळा करा. पोट, चाकांच्या खोबणी, शेपटीमागची नळी आणि वरून दिसणारी पाठ त्यात हवी. वायुसेनेच्या शेपटीवरचे क्रमांक पुष्कळ बोलतात. ‘सी’ने सुरू होणारा मिग-२१, ‘सीयू’ म्हणजे बायसन, ‘जेएस’ जॅग्वार, ‘केएफ’ मिराज, ‘केबी’ मिग-२९, ‘एसबी’ सुखोई, ‘एलए’ तेजस. फोटो १९७१चा आणि क्रमांक सीयू असेल तर समजून जा, कुणीतरी खालची ओळ चुकीची लिहिली आहे.

खरं विमान जवळून बघायचं तर गोवा आपल्याला जवळ. चोर्ला घाटातून उतरून गेलात तर बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. विक्रांतवरून उडालेलं सी हॉक तिथे हात लावायच्या अंतरावर उभं आहे. त्याच्या चाकाच्या खोबणीत वाकून बघा. तेलाचे ओघळ कुठून कुठे गेलेत, रंग कुठे उडालाय, रिव्हेट किती बारीक दिसतात ते टिपून घ्या. बेंगळुरूला गेलात तर एचएएलच्या संग्रहालयात मारुत बघायला चुकू नका. कुर्ट टँक यांच्या हाताखाली घडलेलं आणि १९६१ला पहिल्यांदा उडालेलं ते आपलं पहिलं जेट लढाऊ विमान. सांबऱ्याला मात्र कॅमेरा खिशात ठेवायचा. तिथे वायुसेनेचं ठाणं आहे, एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. कुंपणाबाहेरून फोटो काढायला गेलात तर छंद राहील बाजूला आणि चौकशी लागेल मागे.

हत्यारं: निम्मी गावातच

किट आणि रंग कुरिअरने येणार, त्याला इलाज नाही. बाकीचं बरंचसं इथेच मिळतं. बारीक टोकाचा चिमटा, सुईएवढी कानस आणि हाताने फिरवायचं छोटं ड्रिल सोनारकामाची अवजारं विकणाऱ्या दुकानात घ्या. शहापूरकडे सराफी पेढ्या आहेत तिथे चौकशी केली की मिळतं, आणि मॉडेलवाल्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालापेक्षा ते टिकाऊ असतं. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे दोन-दोन कागद घ्या. मास्किंग टेप तिथेच, पण कॅनॉपीसाठी, म्हणजे पायलटवरच्या काचेसाठी, तो जाडा पडतो. तेवढ्यापुरता एक रोल टामिया या जपानी मॉडेल कंपनीचा मागवा. सपाट कापणारा छोटा निपर, कटर, जास्तीची पाती, रबर बँड आणि कपड्यांचे चिमटे झाले की बैठक पुरी. सुट्या तुकड्यांसाठी कुंद्याचे झाकणवाले प्लास्टिकचे डबे धुऊन ठेवा. झाकण मात्र लावाच, कारण कॉकपिटमधली काठी फरशीवर पडली की केरसुणीशिवाय कुणाला सापडत नाही.

चिकटवायला तीन गोष्टी लागतात. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला पातळ सिमेंट. टामियाची हिरव्या झाकणाची बाटली सगळ्यात भरवशाची. ते गोंदासारखं चिकटत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. धातू, रेझिन आणि वजनांसाठी फेविक्विक. काचेच्या भागांना फेव्हिकॉल. कॅनॉपीला फेविक्विक लावाल तर त्याची वाफ आतून पांढरी जमते आणि पायलट धुक्यात बसल्यासारखा दिसतो. कुणी क्लोरोफॉर्म किंवा असलंच काही बाटलीत भरून देऊ करेल. स्वस्त असतं, पण बंद खोलीत ते हुंगत बसायची गोष्ट नव्हे.

जोडणी

तुकडे ज्यांना जोडून येतात त्या सगळ्या फ्रेम भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर पुढे रंग सालीसारखा निघतो. सूचनापत्रक एकदा शेवटपर्यंत वाचा आणि कुठे भोकं पाडायची आहेत ती पेन्सिलने आधीच खुणा करून ठेवा. पायलॉनची भोकं पंख चिकटवायच्या आधी आतून पाडायची असतात, नंतर ती जागा अंदाजाने शोधावी लागते.

तुकडा फ्रेमवरून तोडू नका, दोन कापांत काढा. पहिला काप लांबून, दुसरा अंगाशी. उरलेला दाणा कानशीने घासा. प्रत्येक तुकडा आधी कोरडाच लावून बघा. बसत नसेल तर का बसत नाही ते शोधा. शंभरात नव्याण्णव वेळा आत कुठेतरी एखादा दाणा अडत असतो. दाबून बसवलेला सांधा रात्रीतून उघडतो.

कॉकपिटवर १/७२ मध्ये फार रेंगाळू नये. कॅनॉपी बंद केल्यावर दिसतं ते आसनाचं डोकं आणि पट्टे. भिंतींना मूळ विमानाचा रंग द्या. मिग-२१च्या आत तो निळसर हिरवा, पाश्चात्त्य विमानांत बहुधा करडा. पट्टे मास्किंग टेपच्या बारीक चिरफळ्यांचे केले तरी चालतात.

आता वजन. जेटच्या मॉडेलचा बराच भार मुख्य चाकांच्या मागे आणि नाक हलकं, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतं. मिगच्या नाकातल्या शंकूत आणि कॉकपिटच्या मागे-पुढे जागा असते. गळाला लावतात ती शिशाची वजनं बाजारात मिळतात, तीच ठेचून भरा. जितकी पुढे तितकं कमी वजन पुरतं. किती भरायचं हे बघायला दोन्ही अर्धे आणि पंख टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर मॉडेल तोला. नाक स्पष्ट खाली गेलं पाहिजे, नुसतं समतोल राहून भागत नाही, कारण अजून शेपटीचं नोझल, रंग आणि चाकं यायची आहेत. शिसं फेव्हिकॉलने चिकटवू नका. त्या गोंदात शिसं हळूहळू गंजतं, फुगतं आणि चार-पाच वर्षांनी नाक उकलतं. फेविक्विक किंवा एम-सील वापरा, काम झालं की हात धुवा आणि शिसं घासत बसू नका.

दोन्ही अर्धे जुळवताना कडा एकमेकींवर टेकवायच्या, मग फटीवर सिमेंटचा ब्रश टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो. अर्ध्या मिनिटाने हलकेच दाबा म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येईल. ती पुसू नका. तीच तुमची पुटी. पूर्ण कडक व्हायला तिला दोन दिवस द्या, पावसाळ्यात तीन.

मग घासणं. इथे घाई करणाऱ्याचं मॉडेल कायम खेळणं दिसतं. १/७२ मध्ये मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंमीहून जास्त. तुम्हाला केसाएवढी वाटणारी फट तिथे बोट घालण्याएवढी असते. ४०० नंबरचा कागद छोट्या लाकडी पट्टीला चिकटवून पाण्यात बुडवून घासा, सांध्याला आडवं, आणि गोलाई असेल तिथे बोटाला गुंडाळून. मग ६००, मग १०००. मोठी फट राहिली असेल तर फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरा. अर्ध्या-पाऊण तासात घासून टाका, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि कागद आजूबाजूचं प्लास्टिकच खातो. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेल रेषा (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) जाड टेपची कडा धरून सुईने पुन्हा ओढा. सांधा गेला की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. त्यावर थोडा चंदेरी रंग फासा. चंदेरी काही लपवत नाही.

पंख लावताना मॉडेल समोरून, नाकाच्या रेषेत डोळा ठेवून बघा. मिग-२१चे पंख टोकाकडे किंचित खाली झुकलेले, जॅग्वारचेही तसेच. दोन्ही बाजूंचा झोका सारखा, शेपटी काटकोनात. सिमेंट वाळेपर्यंत खाली पुस्तकं लावून टेकू द्या आणि दर दहा मिनिटांनी येऊन बघून जा.

रंग

स्प्रे गन नसली तर काही बिघडत नाही. ॲक्रिलिक रंग पातळ करून मऊ, रुंद ब्रशने दोन-तीन हात द्या. पहिला हात विटका, डागाळलेला दिसेल, तसाच सोडा. ओल्या रंगावरून ब्रश परत फिरवला की ओरखडे पडलेच. ब्रशवाल्यांनी छद्मरंगाचं, म्हणजे कॅमोफ्लाजचं विमान घ्यावं. जॅग्वारच्या गडद हिरव्या आणि करड्या पट्ट्यांत ब्रशचे दोष जिरून जातात.

गन घ्यायचीच असेल तर ०.३ मिमी सुईची, दोन हालचालींची, आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर. हवा १५ ते २० पीएसआय. रंग दुधाएवढा पातळ. आणि शिकायचं कुठे, तर गणपतीच्या कारखान्यात. आपल्याकडच्या मूर्तिकारांइतकी शेडिंगची सवय दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही, आणि चतुर्थी सरली की त्यांनाही बोलायला सवड असते. वडगावातल्या एका मूर्तिकार मामांनी माझ्या हातातली गन बघून एवढंच सांगितलं: “मूर्तीच्या भायेर चालू कर, भायेरच बंद कर की रे. मदी थांबलास की डाग पडला.” गन चालू करताना आणि सोडताना पहिला-शेवटचा थेंब सुटतो, तो पंखावर पडू नये म्हणून. मामांची गन मोठ्या भोकाची असते, तेव्हा ती मॉडेलवर वापरायला मागू नका, हात बघून घ्या.

पांढुरकं पडण्याचं कारण समजून घ्या. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, ओल्या हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगात अडकते. त्यामुळे नोव्हेंबरातही भल्या पहाटे, धुकं असताना फवारू नये. उन्हं वर आल्यावर फवारा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. खिडकी उघडी, तोंडाला रंगकामाचा मास्क, आणि गॅसची शेगडी त्या खोलीत नको.

आधी करडा प्रायमर. गाडीचा प्रायमर डब्यातून मारायचा असेल तर तो प्लास्टिक खात नाही ना, हे उरलेल्या फ्रेमवर बघा. प्रायमरखाली जे सांधे उघडे पडतील ते परत घासा. कंटाळा येतो, पण ही शेवटची संधी. मग फिका रंग आधी, गडद नंतर. धातूचा मिग करायचा तर खाली चकचकीत काळा आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ थर. काळ्यावर एक ओरखडा राहिला तरी चांदीतून तो दिसतो. १९७१चे एफएल मुळात असेच चकचकीत होते आणि युद्धाच्या तोंडावर त्यांवर घाईघाईने छद्मरंग फासले गेले. म्हणजे थोडे वाकडेतिकडे, ब्रशने मारलेले पट्टे त्या विमानाला शोभूनच दिसतात.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि आकडे, नेहमी चकचकीत पृष्ठभागावर. मॅट रंग खडबडीत असतो, खाली हवा अडकते आणि डेकलभोवती चंदेरी कडा दिसते. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, एक दिवस वाळवण, मग डेकल. बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे डाग उरतात. प्यायच्या फिल्टरचं पाणी घ्या. जुन्या किटचं डेकल पाण्यात टाकताच तुकडे होतं, तेव्हा बिनमहत्त्वाचा एखादा आकडा आधी तपासून बघा. आपल्या वायुसेनेच्या गोल चिन्हात केशरी बाहेर, मध्ये पांढरा, आत हिरवा. बसवल्यावर मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लावा आणि हात लावू नका. डेकल आधी सुरकुततं, मग आपोआप रेषांत उतरतं.

नंतर रेषांत काळपट तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये कालवून सोडा, तासाभराने पुसा, वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे. काळा वापरू नका. रेषा जितकी ठळक, तितकं विमान पत्र्याच्या तुकड्यांचं दिसतं. १/७२ मध्ये ०.२ मिमी रेषा म्हणजे खऱ्या विमानावर दीड सेंमीची फट. कुठल्या वायुसेनेत असं विमान उडवू देतात? धूळ-काजळी चाकांच्या खोबणीत, एक्झॉस्टमागे आणि बंदुकीच्या तोंडाशी. वर सॅटिन किंवा मॅट वार्निश, मग कॅनॉपीचा टेप काढायचा.

दुसऱ्याचं मॉडेल कसं बघावं

लोक आधी रंग बघतात. तुम्ही आधी बैठक बघा. नाकाचं चाक आणि मुख्य चाकं जमिनीला टेकलीत का, विमान खऱ्यासारखं किंचित नाक वर करून उभं आहे की खाली, ते. मग दिवा तिरपा धरून पाठीवरची चमक डोळ्याने पुढे न्या. चमक तुटली तिथे सांधा आहे. मग पंखाची मागची कड. अर्धा मिमी जाड असेल तर खऱ्यावर ती साडेतीन सेंमी होते, जाणकार ती आतून घासून पातळ करतात.

शेवटी गोष्ट जुळते का ते बघा. एफएलवर आर-७३ ही पुष्कळ नंतरची क्षेपणास्त्रं लावली असतील तर रंग कितीही देखणा असो, काळ चुकला. एफएलचं हत्यार म्हणजे के-१३ क्षेपणास्त्र, पोटाखाली तोफेचा जीपी-९ पॉड किंवा रॉकेटं. सेखोंच्या त्याच १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर २८ स्क्वॉड्रनच्या मिगनी रॉकेटंच सोडली होती. नॅट आणि रॉकेटवाला मिग शेजारी ठेवलेत तर एकाच दिवसाचे दोन टोकांचे आकाश एका फळीवर येतात. अशी जोडी बघायला मिळाली की मी रंगातले दोष विसरतो.

ठेवणं आणि नेणं

उघड्या शोकेसवर ठेवलेलं मॉडेल पहिल्या मृगात ओल धरतं. काच घट्ट बसणारं कपाट आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बूट-पर्समधून निघणाऱ्यासुद्धा चालतात, अधूनमधून कढईत मंद आचेवर सुकवून परत ठेवायच्या. उन्हाची तिरीप येते ती भिंत टाळा, रंग विटतात. धूळ रुंद मऊ ब्रशने, फडक्याने नाही, नाकाची पिटोट नळी (हवेचा वेग मोजणारी बारीक दांडी) पहिल्या झटक्यात जाते. ती शक्य असेल तर इंजेक्शनच्या बारीक सुईची करा, प्लास्टिकपेक्षा टिकते.

शाळेच्या प्रदर्शनाला किंवा निपाणी-कोल्हापूरला न्यायचं असेल तर क्षेपणास्त्रं आणि टाक्या फेव्हिकॉलच्या एका टिंबावर लावलेल्या असाव्यात, म्हणजे निघाल्या तरी पायलॉन मोडत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला फोम लावा, त्यात चाकांसाठी खाचा कापा, पंखांवर काही टेकणार नाही इतकी उंची ठेवा. एसटीत खोकं वरच्या रॅकवर नको, मांडीवर घ्या. सोबत एक छोटी डबी ठेवा: फेव्हिकॉल, चिमटा, करड्या रंगाचे दोन थेंब आणि एक जास्तीचं चाक.